हलक्या टोपलीचं वजन

माझ्या सासूबाई शेवटपर्यंत शेजारणींना सांगत राहिल्या, "सूनबाई कंट्रोलला आहे." त्यामुळं आमच्या सिडकोतल्या गल्लीत निम्म्या बायकांची पक्की समजूत, की मी रेशनच्या दुकानात बसते. रॉकेल मिळत होतं तोवर दोघीजणी माझ्याकडं कॅन देऊनही गेल्या होत्या. मी ते परत करायला गेले तर एकीनं तोंड फिरवलं. कंट्रोलला असून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या उपयोगी पडत नाही, असा माझा लौकिक झाला तो तेव्हापासून.

निवृत्तीनंतर या अंकाच्या संपादकबाईंनी "तुमच्या कामावर लिहा, पण सूत्रं नकोत" असं बजावून लेख मागितला, तेव्हा वाटलं, आधी त्या शेजारणींना एकदाचं सांगून टाकावं मी नेमकं काय करत होते ते.

वाळूजच्या आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत भट्ट्या असतात, बॉयलर असतात, टाक्या असतात. भट्टी अमुक डिग्रीला राहिली पाहिजे, टाकीतलं पाणी अमुक उंचीवर राहिलं पाहिजे. हे राखायला पॅनलमध्ये एक वीतभर कंट्रोलर बसवलेला असतो आणि त्याला तीन आकडे भरून द्यावे लागतात. पहिला आकडा आत्ता किती कमी पडतंय तेवढं बघून जोर लावतो. दुसरा मागं किती वेळ कमी पडत राहिलं ते मनात धरून बसतो आणि जोर वाढवत नेतो. तिसरा पुढचा अंदाज घेऊन आधीच हात आखडता घेतो. प्रत्येक घरात ही तीन माणसं असतात, आणि घर नीट चालायचं तर तिघांचं किती किती ऐकायचं हे कुणाला तरी ठरवावं लागतं. तीस वर्षं मी ते ठरवत होते. पॅनल जोडणाऱ्या एका लहान वर्कशॉपात सुरुवात केली, पुढं स्वतंत्रपणे सल्ला द्यायला लागले. नोकरीचा इतिहास एवढाच, तो इथं संपला.

यात अवघड काय, असं कुणालाही वाटेल. वाळूजची शिफ्टची बस आठवा. ड्रायव्हरनं बस थांब्यावर लवकर न्यावी, उभ्या माणसांना झटका बसू नये, बस बरोबर थांब्यापाशीच थांबावी, आणि ब्रेकचं लायनिंगही लवकर झिजू नये. चारही मागण्या रास्त आहेत. पण लवकर न्यायची तर ब्रेक करकचून दाबावा लागतो, मग कुणाचा तरी जेवणाचा डबा मागच्या बाकाखालून थेट ड्रायव्हरपाशी येतो. एकाचं भलं करायला जावं तर दुसऱ्याचं थोडं बिघडतं. माझं काम ते थोडं म्हणजे किती, हे मोजून सांगायचं.

पूर्वी आम्ही हे आकडे अंदाजानं, बोटानं नॉब फिरवून ठरवायचो. नंतर कॉम्प्युटर आला. भट्टीची चाल एकदा मोजून त्याच्यात घातली, की तो हजारो प्रकारचे आकडे भरून बघतो आणि प्रत्येकाचा निकाल सांगतो. नव्यानं कामाला लागलेल्यांना मी पुढची गोष्ट लग्नाच्या स्थळांवरून समजावायचे. शंभर स्थळं आली. एक मुलगा दुसऱ्यापेक्षा शिक्षणानं कमी, पगारानं कमी आणि स्वभावानंही कमी. त्याची पत्रिका बाजूला ठेवायला कुणाला विचारावं लागत नाही. असं चाळत गेलं की शेवटी सात-आठ उरतात. एकाचा पगार चांगला पण तो तापट, दुसरा गुणी पण नोकरी कच्ची. आता काहीतरी मिळवायचं तर काहीतरी सोडावंच लागतं. ही उरलेली स्थळं कागदावर टिंबांनी मांडली की त्यांची एक वाकडी रेघ होते. पुस्तकात तिला भारदस्त नाव आहे, आम्ही आपसात हद्दीची रेघ म्हणायचो. रेघेपर्यंत गणित नेतं. रेघेवरचं कोणतं टिंब घ्यायचं ते घरच्यांनी बसून ठरवायचं असतं.

हे सगळ्यांनाच पटायचं असं नाही. चिकलठाण्याला प्लास्टिकचे डबे बनवणारे एक कारखानदार होते. अत्तर लावून यायचे, गोड बोलायचे. त्यांच्यापुढं मी रेघ ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती नीट पाहिली आणि खाली कोपऱ्यात, जिथं सगळंच मनासारखं मिळालं असतं पण एकही टिंब नव्हतं, तिथं बोट ठेवलं.

"मॅडम, आपल्याला हे द्या."

"साहेब, तिथं काही नाही."

"जागा तर रिकामीच दिसतीय की."

"रिकामी आहे कारण तिथं पोचता येत नाही."

त्यांनी चष्मा काढला, आवाज खाली आणला. "तसं नाय हो. तुम्ही फक्त काय लागंल ते सांगा."

सिडकोतल्या प्लॉटसारखा तो कोपरा कुणाला तरी सांगून मिळतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. दुपारभर बोलून त्यांनी अखेर मधलं टिंब घेतलं. पण नंतर मला इतरांकडून कळलं, की मॅडमनी चांगला पॉइंट दुसऱ्या पार्टीसाठी राखून ठेवलाय, असं ते सांगत फिरत होते.

हसायचं दुसऱ्यांना आणि आपलं झाकायचं, असं नको. एका दूध डेअरीच्या बॉयलरचं काम मी केलं होतं. पाण्याची पातळी केसभर हलत नव्हती, मी खूश, मालक खूश. काही महिन्यांनी तिथल्या फिटरनं एक झिजून गेलेला व्हॉल्व्ह वर्तमानपत्रात गुंडाळून आणला आणि माझ्या टेबलावर ठेवला. पातळी स्थिर राहावी म्हणून मी त्या व्हॉल्व्हला दिवसरात्र थरथरत ठेवलं होतं. व्हॉल्व्हची झीज माझ्या यादीतच नव्हती. लग्नात ज्याला आमंत्रण द्यायचं राहतं त्याच्याच नावानं पुढं दहा वर्षं ऐकावं लागतं, तसं आमच्यात होतं. मला वाटलं, एकदा ठेच लागली, आता शहाणी झाले. ते काही खरं नव्हतं.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट सांगते.

वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना होता. नाव सांगत नाही. पोलादाला पाणी दिलं, म्हणजे तापवून एकदम थंड केलं, की ते कडक होतं पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून त्याला पुन्हा कमी आचेवर शेकावं लागतं. या शेकण्यासाठी तिथं जमिनीत बसवलेली एक विजेची गोल भट्टी होती. लोखंडी टोपलीत माल भरायचा, टोपली आत सोडायची, वर झाकण. आत आच दोनशेला गेली पाहिजे आणि तिथंच थांबली पाहिजे. पुढं सरकली तर माल नरम पडतो. नरम पडलेली पिन गाडीत बसवता येत नाही, पुन्हा सगळा खटाटोप करावा लागतो.

प्लांटचे प्रमुख जाधव साहेब. मोजकं बोलणारे, दिलेला शब्द पाळणारे. त्यांनी मला बोलावलं आणि चार खात्यांचे चार अधिकारी टेबलाभोवती बसवले. प्रॉडक्शनला भट्टी लवकर तापायला हवी होती. क्वालिटीला आच दोनशेच्या पुढं जायला नको होती. मेंटेनन्सला हीटर टिकायला हवे होते. विजेचं बघणाऱ्यांना एकदम जास्त भार नको होता. मी चौघांचं ऐकून घेतलं, भरलेल्या टोपलीवर भट्टीची चाल मोजली, रेघ काढली. चौघांनी वाद घालून एक टिंब निवडलं. मी वर आणखी एक सूचना केली. ऑपरेटर लोक दोनशे जवळ आलं की स्विच हातावर घेतात, आपल्या अंदाजानं भट्टी चालवतात, त्यानं मालात सारखेपणा राहत नाही. तो स्विच बंद करा. साहेबांनी त्याला कुलूप लावलं.

भट्टी छान चालली. मग दोनेक महिन्यांत नरम मालाची तक्रार आली. नवल म्हणजे सगळा नरम माल पहिल्या शिफ्टचा. दुसऱ्या-तिसऱ्या शिफ्टला काहीच नाही.

पहिल्या शिफ्टला युसूफ पठाण असायचे. सगळा कारखाना त्यांना चाचा म्हणायचा. गाव सिल्लोड. रांजणगावात खोली करून राहायचे आणि सुट्टीला घरी जायचे. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. आडवा बांधा, पांढरी दाढी, आणि भट्टीशी बोलल्यासारखं स्वतःशी पुटपुटायची सवय. मी तोवर त्यांच्याशी "नमस्कार चाचा" पलीकडं बोलले नव्हते.

मी तिन्ही शिफ्टचे आलेख काढले. दुसऱ्या आणि तिसऱ्या शिफ्टचे गुळगुळीत, पहिल्या शिफ्टचे करवतीसारखे. आच चढत चढत दोनशेपाशी आली की धपकन खाली पडायची. एकच कारण असू शकत होतं, कुणीतरी झाकण उचलत होतं. लॉगशीट पाहिली, तिन्ही शिफ्टला टोपल्यांची संख्या जवळजवळ सारखी. म्हणजे काम सारखं, भट्टी एकच, आकडे तेच, आणि फरक फक्त माणसाचा. मी माझ्या रिपोर्टात एका ओळीत कारण लिहिलं: पहिल्या शिफ्टचे ऑपरेटर युसूफ पठाण यांचा हस्तक्षेप. ऑफिसात बसून, आलेख समोर ठेवून, चहा पीत लिहिलं. आज लिहितानाही मला त्या ओळीची लाज वाटते.

त्या ओळीवरून चाचांना कारणे दाखवा नोटीस निघाली. नोंदीत गावचा पत्ता होता, म्हणून ती रजिस्टर पोस्टानं सिल्लोडला गेली. चाचा इथं भट्टीवर उभे असताना तिकडं त्यांच्या सुनेनं सही करून ती घेतली आणि फोनवर त्यांना वाचून दाखवली. पंधरा दिवसांत चौकशी होणार होती. दोष ठरला तर दीड वर्ष आधीच घरी जावं लागणार होतं, तेही कामचुकार म्हणून.

मला हे जाधव साहेबांनी सहज सांगितलं. "तुमच्या रिपोर्टमुळं सोपं झालं, मॅडम," असं म्हणाले. मी हो म्हटलं, पण घरी येताना तो आलेख मनात पुन्हा काढून पाहिला. झाकण उघडलं की आच खाली जाते. खाली गेलेल्या आचेनं माल नरम कसा पडेल? झाकण उघडणारा माणूस माल बिघडवत नव्हता, झालंच तर वाचवत होता. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला नोटीस निघावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या शिफ्टच्या बसनंच वाळूजला गेले आणि भट्टीजवळ एक क्रेट उलटा घालून बसले. चाचांनी माझ्याकडं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि टोपली उचलली. एका हातानं उचलली. ज्या टोपलीवर मी भट्टीची चाल मोजली होती ती उचलायला कप्पीची चेन लागत होती.

"चाचा, एवढाच माल?"

"आज एवढाच हाय."

टोपलीच्या तळाशी बारीक पिना होत्या, मूठ-दोन मुठी. झाकण बसलं, आच चढायला लागली. ती अशी चढली की मी उभीच राहिले. भरल्या टोपलीला दोनशेपर्यंत नेण्याइतका जोर मी त्या आकड्यांत भरून ठेवला होता, आणि समोर होती रिकाम्यात जमा टोपली. चाचा हातात लोखंडी सळी घेऊन झाकणापाशी उभे होते. नजर आकड्यावर. एकशे नव्वदला त्यांनी सळी झाकणाखाली घातली, एकशे शहाण्णवला बोटभर उचललं, मनात काहीतरी मोजलं, सोडलं. आच दोनशे चारला जाऊन परत आली. त्यांनी हात लावला नसता तर ती दोनशे वीसला सहज गेली असती. एवढ्या टोपल्यांत एखादी हातून निसटत असणार, नरम माल निघत होता तो तिच्यातलाच.

"हे रोज करता?"

"काय नाय मॅडम, सवय हाय."

"स्विच होता तेव्हा?"

"तवा झाकण कायकू उघडतो? स्विच मारला की झालं. आता कुलूप हाय." मग म्हणाले, "सुपरवायझरला बोललो होतो मी. हलका माल असला की भट्टी उधळती. तो हसला. कॉम्प्युटरनं केलंय म्हणला, चाचा, तुम्ही नका डोकं लावू."

"पण हलका माल फक्त तुमच्याच वाट्याला कसा?"

त्यांनी सळी पुसून कोपऱ्यात ठेवली आणि विषय बदलला.

उत्तर मिळालं ते तीन वाजता, शिफ्ट बदलताना. दुसऱ्या शिफ्टला भगवान नावाचा ऑपरेटर होता, दौलताबादकडचा, चाळिशीचा, घरची सीताफळाची बाग सांभाळून नोकरी करणारा. मी त्याला गेटपाशी गाठलं. आधी तोही काही सांगेना. चाचांवर नोटीस माझ्या लिहिण्यानं निघाली आणि मला ती मागं घ्यायची आहे, असं मी सरळ सांगितलं, तेव्हा तो बोलला.

"मॅडम, चाचाची पाठ गेलीय. जड टोपलीला चेन असली तरी वढावं लागतंच. मंग आमी दोघांनी, म्या आन् तिसऱ्या शिफ्टच्या पोरानं, ठरवलं, जड माल आमी घेऊ. आन् बारीक माल आमच्या शिफ्टचा असला तरी बाजूला ठिवतो, सकाळी चाचा करतेत. बारीक मालावर लई ध्यान द्यावं लागतं, ते आमाला जमत नाय त्यांच्यावानी. पाच-सहा वर्ष झाले."

"मग त्यांनी हे नोटिशीच्या उत्तरात का सांगितलं नाही?"

"कसं सांगतील? प्लॅनिंग शीटवर समदं सारखं वाटलेलं हाय. आमी आपल्या मनानं फिरवलं म्हणल्यावर आमालाबी नोटीस. चाचा म्हणले, माझं दीड वर्ष राह्यलंय, तुमचे पंधरा-पंधरा. तुमी तोंड उघडायचं नाय."

लॉगशीटवर टोपल्यांची संख्या लिहायची सोय होती, वजनाला रकाना नव्हता. एका हातानं उचलायची टोपलीही एक आणि चेननं ओढायची टोपलीही एक. मी तोच कागद बघून माणसाला दोषी ठरवलं. आणि माझ्या डोळ्यादेखत या तिघांनी, कुठल्याही कॉम्प्युटरशिवाय, एकाची नजर आणि दोघांची ताकद यांचा मेळ घालून ठेवला होता, तो मला दिसला नाही. चार अधिकाऱ्यांना मी विचारलं होतं तुम्हाला काय हवं. भट्टीजवळ उभं राहणाऱ्याला विचारायचं मला सुचलं नव्हतं.

मी जाधव साहेबांकडं गेले. माझा रिपोर्ट चुकीचा आहे आणि तो मी मागं घेते, असं म्हणाले. "मॅडम, तुमच्या नावाची आम्ही इतर प्लांटला शिफारस केलीय," साहेब म्हणाले. रिपोर्ट मागं घेतला तर माझं नावही जाईल, असं ते सुचवत होते, ते मला कळलं. मी म्हटलं, "साहेब, मला दहा दिवस द्या. भट्टी दुरुस्त करून दाखवते, मग तुम्ही ठरवा."

ते दहा दिवस मी हलकी टोपली, अर्धी टोपली, भरलेली टोपली, सगळ्यांवर भट्टीची चाल मोजली. या वेळी कॉम्प्युटरला असं सांगितलं, की प्रत्येक आकड्याची परीक्षा सगळ्यांत वाईट टोपलीवर घे. नवी रेघ निघाली ती जुनीपेक्षा सगळ्याच बाजूंनी मागं सरकलेली. भट्टी आठ मिनिटं उशिरा तापणार होती, वीजही थोडी जास्त लागणार होती. पहिली रेघ दिसायला देखणी होती, पण तिच्यावरचं टिंब एकाच प्रकारच्या टोपलीसाठी बरोबर होतं. टोपली बदलली की त्याचा पाय घसरायचा.

उरलेली पाच टिंबं कागदावर काढून मी पहिल्यांदा चाचांकडं नेली. क्रेटवर कागद पसरला. कुठल्या टिंबाला किती वेळ, किती आच पुढं जाते, समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ते सगळं ठीक हाय मॅडम. यातला कोणता असा हाय, की टोपली आत सोडून मी कॅन्टीनला च्या प्यायला गेलो तर चालंल?"

काहीही बदललं तरी न डगमगण्याच्या ज्या गुणाचं मी तीस वर्षं इंग्रजीत लांबलचक नाव घेत आले, तो त्यांनी चहाच्या कपात मोजून मागितला. मी एका टिंबावर बोट ठेवलं. ते मंदगतीचं होतं, प्रॉडक्शनला आवडणारं नव्हतं.

"मंग हाच."

चाचांना आणि भगवानला सोबत नेऊन चौघा अधिकाऱ्यांपुढं मी तेच मांडलं. प्रॉडक्शनवाले कुरकुरले. जाधव साहेबांनी विचारलं, हलका माल पहिल्या शिफ्टलाच का, ते अजून कुणी सांगितलं नाही. मी काही बोलायच्या आत चाचा म्हणाले, "साहेब, ते मी मागून घेत होतो. पोरांचा त्यात कसूर नाय." दाराशी उभा असलेला भगवान पुढं आला. "नाय साहेब, तिघांनी मिळून ठरवलं." साहेबांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं, प्लॅनिंग शीट पुढं ओढली आणि पेननं तिच्यावर एक आडवी काट मारली. "मग हिच्यापेक्षा तुमचं वाटप बरं होतं म्हणायचं," म्हणाले, आणि लॉगशीटवर वजनाचा रकाना काढायला सांगितला. त्या माणसाचे मी किती आभार मानावेत कळत नाही. चिडायचा त्यांना पूर्ण हक्क होता, माझ्यावर आणि त्यांच्यावरही.

नव्या आकड्यांवर भट्टी लागली. हलका माल, जड माल, सगळा कडक निघाला. सळी कोपऱ्यात पडून राहिली. चौकशीच्या दिवशी माझा दुसरा रिपोर्ट समोर होता, ऑफिसनं दोन ओळीत लिहिलं की नोटीस रद्द करण्यात येत आहे, आणि पाचेक मिनिटांत सगळे उठले.

बाहेर आल्यावर मी चाचांना पेढे द्यायला गेले. त्यांनी एक घेतला, पण चेहरा काही उजळला नाही.

"मॅडम, तुमच्या कागदात माझं नाव किधर हाय?"

"नाही चाचा, मुद्दामच घातलं नाही. आता तुमच्यावर काही नाही."

"पैल्या कागदात होतं ना?"

मी पेढ्यांचा बॉक्स खाली ठेवला.

"तो कागद रजिस्टरनं सिल्लोडला गेला. पोस्टमननं गल्लीत नाव पुकारलं. सुनेनं सही केली, वाचला, शेजारपाजार जमा झाला. आता मी घरी जाऊन सांगीन की सुटलो. तोंडी. कोण मानतंय?" त्यांनी पेढ्याचा कागद घडी करून खिशात ठेवला. "हा बी तसाच पाठवा. रजिस्टरनं. नाव घालून."

मी तीस वर्षांत सगळे रिपोर्ट इंग्रजीत लिहिले होते. हा मराठीत लिहायला बसले आणि दोन दिवस गेले. ज्या शब्दांवर माझी पोटभर भाकर होती त्यांना मराठीत काय म्हणायचं ते मला माहीत नव्हतं. शेवटी जमेल तसं लिहिलं. भट्टीच्या आकड्यांची रचना मी केली होती. ती करताना हलक्या मालाचा विचार मी केला नव्हता. चूक रचनेची होती, ती माझी होती. श्री. युसूफ पठाण यांनी ती चूक पहिल्या आठवड्यात ओळखली होती, वरिष्ठांना सांगितली होती, आणि कुणी ऐकलं नाही तरी स्वतः उभं राहून रोज माल वाचवला होता. खाली माझी सही, शेजारी जाधव साहेबांची. वाळूजच्या पोस्टात मी स्वतः रजिस्टर केलं.

चाचांची साप्ताहिक सुट्टी होती त्या दुपारी माझा फोन वाजला. नंबर त्यांचा होता. मी "बोला चाचा" म्हटलं, पण ते काही बोलले नाहीत. पलीकडं बरीच माणसं असल्यासारखा गलका होता, मग तो थांबला आणि एक तरुण बाई मोठ्यानं, शब्द सुटे सुटे करत मराठी वाचायला लागली. फोन त्यांनी नुसता तिच्या दिशेनं धरून ठेवला होता. ती अडखळत वाचत गेली. "चूक रचनेची होती" तिनं वाचलं, मग त्यांचं नाव वाचलं, पुढचं सगळं वाचलं, आणि थांबली.

मग एक म्हातारी बाई म्हणाली, "फिरसे पढ, बेटी. नाम से पढ."